दोन आखूड, एक लांब

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते. खरं सांगायचं तर हसायला वाचते. आमच्या स्टाफरूममध्ये एक मॅडम ते मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी मध्ये मध्ये फाटे फोडत असते... ‘वायरिंग लूज असेल’, ‘मांजर असेल’, ‘रात्रीचं जेवण जड झालं असेल’. त्यामुळे हे लिहिताना अंमळ लाजच वाटतेय. हे छापून आलं की मॅडम चष्मा लावून माझ्याकडे बघत बघत वाचणार, यात शंका नाही.

मी कोल्हापुरात एका पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. घर बौद्ध. आमच्याकडे उतारे, अंगारे, दृष्ट काढणं यातलं काही कधी नव्हतं. वडील, म्हणजे आमचे आण्णा, प्राथमिक शिक्षक होते. ‘बघितल्याशिवाय मानायचं न्हाई, आणि बघितलं तरी परत एकदा बघायचं’ हा त्यांचा नियम. मुलं प्रॅक्टिकलला ‘मॅडम, आज मशीनचा मूड नाही’ म्हणाली की मी त्यांना बाकावर उभं करत नाही एवढंच.

तरीही लिहितेय, कारण माझी भाची प्रज्ञा मागे लागली. ती म्हणाली, मी लिहिलं तर लोक म्हणतील पोरगी बापाच्या दुःखात आहे, तू लिही, तुझ्यावर कोणी दया करणार नाही. हे मात्र खरं आहे.

प्रज्ञाचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ, मिलिंददादा. त्याची ओळख करून द्यायची तर त्याच्या फुंकरीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही शाळेत असताना आमच्या घरी टीव्ही गेम आला. आताच्या पोरांना सांगायचं तर एक प्लॅस्टिकचा डबा, त्याला दोन रिमोट आणि वर खाचेत बसवायची पिवळी कॅसेट. अडॅप्टर इतका तापायचा की त्याला फॅनखाली झोपवावं लागायचं. आमच्याकडे एकच चांगली कॅसेट होती, रणगाड्यांची. अख्खी गल्ली दारात चपला काढून आमच्या घरात बसायची आणि आई पोरांना ओलांडत ओलांडत स्वयंपाक करायची.

ही कॅसेट एका दमात कधी चालली असेल तर शपथ. पडद्यावर नुसत्या पट्ट्या यायच्या. मग सगळी पोरं दादाकडे बघायची. दादा कॅसेट काढायचा, तोंडाजवळ धरायचा आणि फुंकर मारायचा. दोन आखूड, एक लांब. मग गुडघ्यावर टक् करून एकदा आपटायची, आणि खाचेत बसवायची. चालायची! शेजारच्या गल्लीतली पोरंसुद्धा आपापल्या कॅसेटी घेऊन यायची, ‘मिल्या, फुंकर मार की’ म्हणत.

ही फुंकर त्याची स्वतःची नव्हती, आईची होती. शिरोळकडे आमच्या गावी चूल होती तेव्हा आईने त्याला फुंकणी धरायला शिकवलं होतं. पहिल्या दोन फुंकरींनी राख उडते, तिसरीनं जाळ धरतो, असं ती सांगायची. दादाने चुलीची विद्या कॅसेटीला लावली.

पुढे मी डिप्लोमाला गेले आणि मला कळलं की फुंकरीने काहीच होत नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवली की धातूचे काटे नीट टेकतात, म्हणून चालते. उलट तोंडाच्या वाफेने ते काटे गंजतात. मी मोठ्या तोऱ्यात हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, ‘व्हय, तुझं बरोबर असंल. पण चालली न्हवं?’

दादा नंतर एमआयडीसीत फिटर झाला, गडहिंग्लजकडची वहिनी घरात आली, प्रज्ञा झाली, पण फुंकर काही सुटली नाही. टीव्हीच्या रिमोटचे सेल, चष्मा, मोबाइलचं चार्जिंगचं भोक, पोरीचा खरचटलेला गुडघा, सगळ्यावर तोच उपाय. हॉलमध्ये प्रज्ञाला जवळ घेऊन तो असलं काहीतरी दुरुस्त करत बसलेला असायचा, आणि फुंकर ऐकू आली की वहिनी आतून न बघताच ओरडायची, ‘अवं, पोरीच्या तोंडावर धुरळा उडवू नगासा!’ हे त्यांच्या घरातलं रोजचं होतं. मी गेले की हे एकदा तरी ऐकायचेच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दादा गेला.

त्यावर फार लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालं त्यांना माहीत आहे. आत कोणाला सोडत नव्हते. शेवटी एका सिस्टरने स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, मागे ऑक्सिजनचा आवाज, आणि दादा काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. शब्द फुटत नव्हता. नुसती धाप. प्रज्ञाने फोन हातात धरला होता. तिच्या वाट्याला बापाचं शेवटचं जे आलं ते एवढंच.

त्यानंतर ही पोरगी बदलली. ती पळायची. चांगली पळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. रोज सकाळी रंकाळा तलावाला फेरी मारायची आणि दादा मागून आपला हळूहळू चालत यायचा. ते तिने सोडलं. आम्हाला वाटलं, बापाशिवाय जाववत नसेल. कारण वेगळं होतं आणि ते तिने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. पळताना स्वतःला दम लागला की तिला तो फोन आठवायचा. कुणी जिना चढून धापा टाकत आलं तरी ती उठून आत जायची.

‘आत्ती,’ ती म्हणाली, ‘मला पप्पांचा दुसरा आवाजच आठवत न्हाई. मी लई प्रयत्न केला. डोळं मिटलं की तेवढाच येतोय.’

आणि दादाचं रेकॉर्डिंग म्हणावं तर तेही नाही. घरातले सगळे व्हिडिओ त्यानेच काढलेले, त्यामुळे तो कशातच नाही. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आहे, पण तिथे बँडबाजा. एका माणसाची एवढी वर्षं, आणि पोरीच्या कानात उरलं काय, तर ती शेवटची धाप. मला याचं फार वाईट वाटायचं, आणि माझ्याकडे त्यावर काही इलाज नव्हता.

अशात तिला हा जुन्या गेमचा नाद लागला. कोल्हापुरात अशी पोरं बरीच आहेत हे मला तिच्यामुळे कळलं. वीस-बावीस वर्षांची पोरं, यांच्या जन्माच्या आधीच भंगारात गेलेले डबे शोधत फिरतात. भंगारवाल्याला मामा म्हणतात. रविवारी एकमेकांच्या घरी जमतात. त्यांना सपाट टीव्ही चालत नाही, जुना डब्बा टीव्हीच लागतो, दोघांनी उचलायचा तो. जो आम्ही दिवाळीला सोफ्यासकट देऊन टाकला आणि सुटकेचा निःश्वास सोडला, तो ही पोरं ओढत-ढकलत तिसऱ्या मजल्यावर चढवतात. मी चेष्टेने विचारलं की बाबांनो, हातातल्या फोनमध्ये याच्या हजारपट भारी गेम आहेत ना? तर प्रज्ञाचा मित्र सोहेल म्हणाला, मॅडम, हा गेम आपल्याकडे काही मागत नाही. नोटिफिकेशन नाही, अपडेट नाही, जाहिरात नाही. हरलो तर हरलो, बटण बंद. मला उत्तर आवडलं, पण तसं दाखवलं नाही.

प्रज्ञाचा हात चांगला बसला. सोल्डरिंग माझ्या शेवटच्या वर्षाच्या पोरांपेक्षा स्वच्छ. आणि काम करताना ती शांत असायची, हे वहिनीच्याही लक्षात आलं होतं. म्हणून माळ्यावरून दादाचा तो डबा पोत्यातून निघाला तेव्हा वहिनीने तो मुकाट्याने पुसून तिच्यापुढे ठेवला. डब्याबरोबर रणगाड्यांची पिवळी कॅसेटही होती. कोपरा चेपलेला. आमचीच.

डबा प्रज्ञाने चालू केला. दुसऱ्या कॅसेटी त्यावर उत्तम चालल्या. दादाची चालेना. तिने काटे स्पिरिटने पुसले, खोडरबरने घासले, सगळं पद्धतशीर. फुंकर मात्र नाही. या पोरांचा तो पहिला नियम आहे, तिच्या टेबलासमोर भिंतीवर लिहून चिकटवलाय, ‘फुंकर मारायची नाही’. मी त्यावर खूश होते, निदान एक पिढी तरी सुधारली म्हणून.

सोहेलने कॅसेट उघडून बघितली आणि हात टेकले. मग मी ती लॅबला नेली. असल्या स्वस्त कॅसेटीत चिपवर डांबरासारखा काळा थेंब टाकलेला असतो. त्याच्या आत केसापेक्षा बारीक तारा असतात, त्यातली एक तुटली की संपलं, तिथे सोल्डरिंग पोचत नाही. मी मीटर लावला, मग स्कोपवर सिग्नल येतोय का बघितलं. आण्णांच्या नियमाप्रमाणे पुन्हा एकदा बघितलं. एक तार तुटलेली होती. मी प्रज्ञाला सांगितलं की बाळ, ही गेली. तिने मान हलवली. म्हणाली, मग काचेच्या पेटीत लावते भिंतीवर.

आता तो दिवस सांगते.

रविवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले असतील. लख्ख ऊन. फुलेवाडीला दादाच्या घरी हॉलमध्ये मी आणि प्रज्ञा खाली सतरंजीवर बसलो होतो. समोर तो डब्बा टीव्ही, त्यावर निळा पडदा. आमच्या दोघींच्या मध्ये चांगली हातभर जागा होती, तिथे काचेची पेटी आणि स्क्रू पडलेले. वहिनी आत शेंगदाणे भाजत होती. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये भिंत आहे, तिथून आम्ही दिसत नाही. पंखा बंद होता कारण प्रज्ञाला पेटीत घालायचा कापूस उडायला नको होता. दारं-खिडक्या उघड्या. घरात आम्ही तिघीच.

पेटीत लावायच्या आधी प्रज्ञा म्हणाली, एकदा शेवटची लावून बघते. लावली. पट्ट्या. तिने डबा बंद केला, कॅसेट काढली आणि दोन्ही हातांत धरून तशीच बसली. मी तिच्याकडे बघत होते. तिचे ओठ मिटलेले होते. हे मी मुद्दाम लिहितेय.

आणि आमच्या दोघींच्या मधून आवाज आला.

फू. फू. मग जरासा थांबून... फूऽऽऽ.

लांब, एकसंध, शेवटपर्यंत सारखी. बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असेल साधारण त्या उंचीवरून. त्यामागोमाग, टक्. गुडघ्यावर आपटल्याचा.

माझ्या अंगावर काटा आला वगैरे काही नाही. ते नंतर झालं. त्या क्षणी मला काहीच वेगळं वाटलं नाही, आणि हेच मला अजून समजत नाही. इतका तो ओळखीचा आवाज होता. मी ऐकला आणि सोडून दिला. आणि आतून, उलथन्याचा आवाज न थांबवता, वहिनी म्हणाली,

‘अवं, पोरीच्या तोंडावर धुरळा उडवू नगासा.’

मग उलथनं थांबलं.

वहिनी दारात आली. हातात उलथनं तसंच. तिने आम्हा दोघींकडे बघितलं, मग मधल्या जागेकडे. शेंगदाणे करपल्याचा वास यायला लागला तरी कुणी हललं नाही.

प्रज्ञाने पहिल्यांदा हालचाल केली. आपल्या बोटांकडे बघितलं, आणि कॅसेट खाचेत बसवली. बटण दाबलं.

ते रणगाड्यांचं सुरुवातीचं चिरकं म्युझिक वाजलं. विटांच्या भिंती, खाली मध्यभागी आपला झेंडा, वरून येणारे शत्रूचे रणगाडे... जसंच्या तसं. माझ्या लॅबमध्ये मेलेली कॅसेट.

वहिनी उलथनं घेऊन तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिला त्या गेमचा कायम राग यायचा. म्हणाली, ‘खेळा की. बघत काय बसलाय?’ आम्ही खेळलो. दोन रिमोट, आत्ती आणि भाची. माझा अंगठा दुखायला लागला तरी खेळलो. प्रज्ञाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते न पुसता गोळ्या झाडत होती. मीच दोनदा आमचा झेंडा चुकून उडवला, लहानपणी उडवायचे तसाच, आणि ती ओरडली, ‘आत्ती, काय करायलीस!’ त्यावर वहिनी हसली. त्या घरात मी तिचं हसू फार दिवसांनी ऐकलं.

दुपारची जेवणं राहिली. बंद करायचं धाडस होईना. मी म्हटलं, राहू दे चालू, अडॅप्टरला फॅनखाली ठेवू. मी हे म्हटलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या बाईने! बटण शेवटी प्रज्ञानेच बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. कॅसेट काढली आणि पेटीत ठेवून स्क्रू पिळले.

पुढच्या आठवड्यात मीच ती पेटी उघडायला लावली. मला राहवेना. लावून बघितली, पट्ट्या. लॅबला नेली, तीच तार, तशीच तुटलेली. त्यानंतर ती कधीच चालली नाही.

आता माझ्यातली मास्तरीण बोलते. कॅसेटचं मी जमवून घेईन. ऊन होतं, प्रज्ञाने ती बराच वेळ तळहातात धरली होती, उबेने तुटलेल्या तारेची टोकं टेकली असतील. असं होतं, मी पाहिलंय. पण फुंकरीचं जमत नाही. शेजारचा हवा भरायचा पंप म्हणावा तर शेजारी कुलूप होतं. कुकर लावलेला नव्हता. मला भास झाला म्हणावं, तर प्रज्ञाला त्याच वेळी झाला? बरं, आम्ही दोघी दुःखी बायका, एकमेकींचं बघून ऐकलं म्हणा. भिंतीपलीकडच्या वहिनीचं काय करू? ती आमच्याकडे बघतही नव्हती. तिने घाबरून काही म्हटलं नाही, तिने नवऱ्याला दटावलं. मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, ‘ऐकू आलं म्हणून बोलले. त्यात इचार काय करायचा?’

प्रज्ञा म्हणते, तिच्या बोटांना वाफ लागली होती. गरम. मला ती लागली नाही म्हणून मी त्याबद्दल काही लिहीत नाही.

आण्णांच्या नियमाने बघायचं तर मला हे मानता येत नाही, कारण परत एकदा बघायला मिळालं नाही. आणि नाही म्हणायचं तर मी तिथे बसले होते. मी मधल्या मध्ये अडकलेय. भुतं असतात असं मी आजही म्हणणार नाही. स्टाफरूममध्ये फाटेही फोडेन, फक्त जरा हळू आवाजात. काय झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही हे शब्द मला वर्गात म्हणायला जड जातात, इथे लिहून टाकते.

फक्त एक राहिलं.

त्या रविवारी मी निघाले तेव्हा प्रज्ञा फाटकापर्यंत आली. मी गाडीला किल्ली लावली तरी तिने हँडल सोडलं नाही. मग म्हणाली, ‘आत्ती, तिसरी फुंकर केवढी लांब हुती, बघितलीस? मधी कुठं तुटली न्हाई. पप्पांना दम लागला नव्हता.’

मी मान हलवली.

गेल्या महिन्यात मी सकाळी रंकाळ्यावर चालायला गेले होते. संध्यामठाच्या बाजूला एका बाकावर बसले. पलीकडून एक मुलगी पळत येताना दिसली, आणि जवळ आल्यावर कळलं, आपलीच आहे. मला बघून ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि धापा टाकायला लागली, मोठमोठ्याने, भर रस्त्यात. मी घाबरून उठले. तिने एक हात वर करून मला थांबवलं, खाली बघतच हसली, आणि श्वास जागेवर येईपर्यंत तशीच उभी राहिली.